सोनाबाईच्या काठावरच्या अकरा सळ्या

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. देवीचं दर्शन झालं का, आणि तांबडा-पांढरा रस्सा खाल्ला का. माझं दोन्ही राहिलं. मी चार दिवस गेले होते आणि त्यातला बराचसा वेळ शाहूवाडी तालुक्यातल्या एका ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी होते. पहिले तीन दिवस मला कुणाला तरी धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. चौथ्या दिवशीही वाटतच होतं, फक्त माणूस बदलला होता.

मी लातूरची. आमच्याकडे पाणी कधी येणार याची चर्चा असते; पाण्याने काठ खाल्ला ही तक्रार मी शाळेच्या पुस्तकाबाहेर कधी ऐकली नव्हती. नोकरी मात्र नेमकी तिथेच लागली. पुण्याच्या एका संस्थेसाठी मी ओढ्यांच्या काठांची मोजणी करते. शाहूवाडीतला हा ओढा पूर्वी कुणीतरी जेसीबी लावून सरळ करून टाकला होता. सरळ केलेला ओढा पावसाळ्यात उतारावरच्या मोकळ्या ट्रकसारखा सुटतो. आमच्या संस्थेने त्याला पुन्हा वळण दिलं, डावा काठ उतरता केला, वळणावर त्याला दगड बसवले, वर वाळा आणि बांबू लावला. काम झालं, फोटो निघाले. त्याचा उपयोग झाला की नाही, हे सांगण्याचं काम माझं.

त्यासाठी मे महिन्यात मी दोन्ही काठांच्या मातीत अकरा-अकरा लोखंडी सळ्या आडव्या ठोकून आले होते. भिंतीत खुंटी ठोकतो तशा. प्रत्येक सळी हातभर लांब, आणि बाहेर ठेवायची फक्त पाच सेंटिमीटर. पावसाळ्यात माती गेली की सळी जास्त उघडी पडते. नोव्हेंबरात जाऊन पट्टी लावायची आणि आकडा लिहायचा. याच्याइतकं सोपं काम जगात नाही, असं मला जाताना वाटत होतं.

पहिला दिवस: गडमुडशिंगी

मला घ्यायला शामराव कोल्हापूरच्या स्टँडवर आले होते. शामराव म्हणजे आमचं गावातलं माणूस. वायरमनच्या नोकरीतून निवृत्त झालेले, साठीचे, आणि बोलणं असं की समोरचा माणूस अजून खांबावर चढलेला आहे. ओढ्याच्या गावाला सकाळी निघायचं होतं. मी लॉज बघून ठेवला होता.

"लॉज कशाला वो मॅडम? गडमुडशिंगीला लेकीचं घर हाय की."

मी तीनदा नको म्हटलं. आमच्याकडे पाहुण्याने तीनदा नको म्हटलं की यजमान ऐकतो. इथे तीनदा नको म्हणेपर्यंत माझी बॅग रिक्षात गेली होती.

लेकीने अख्खा मसूर केला होता. दाट, झणझणीत, वर तेलाची लाल तर्री. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला आवडला, आणि दोन भाकऱ्यांवर मी खरोखरच थांबले. तिसरी येताना दिसली म्हणून ताटावर आडवा हात धरला, तर भाकरी हातावर पडली. "पावणं लाजत्यात," असं शामराव जावयाला म्हणाले. मी लाजत नव्हते. मला श्वास घेता येत नव्हता.

जेवताना मी बाटल्यांचं विचारलं. ओढ्यात एक खांब रोवून त्यावर तीन वेगवेगळ्या उंचींवर तीन बाटल्या बांधल्या होत्या. पूर चढत गेला की एकेक बाटली गढूळ पाण्याने भरते. ती काढायची, झाकण लावायचं, तारीख लिहायची आणि सावलीत ठेवून जागी दुसरी बांधायची. हे काम शामरावांकडे होतं. पाण्यात किती गाळ वाहिला, ते मी नंतर त्या पाण्यावरून काढणार होते.

"बाटल्या?" शामरावांनी हात उंचावला. "काय काळजी करू नका. चकाचक ठेवल्यात."

त्या शब्दाला मी तेव्हाच दचकायला हवं होतं.

दुसरा दिवस: ओढा

सकाळी निघण्याआधी शामरावांनी मला दूधकट्ट्यावर नेलं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, माणूस धार काढतोय, आणि लोक पेला हातात धरून रांगेत. फेसाळ, कोमट दूध मिशीला लागेपर्यंत प्यायचं आणि पुढच्या कामाला जायचं. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं आणि आधी तापवलं जातं. न तापवलेलं दूध पिणं मला जमेना. मी अर्धा पेला ठेवला तर म्हशीच्या मालकाने विचारलं, "का वो, म्हस आवडली न्हाय व्हय?" मी डोळे मिटून तो पेला संपवला. दूध छान होतं. पण सकाळी सात वाजता एका म्हशीची माफी मागावी लागली, हे काही मला विसरता येत नाही.

उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रखडत गावात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांनी माझ्याशी जे केलं ते सगळं प्रेमापोटी केलं. डोंगराच्या पायथ्याशी भातखाचरं पायऱ्यांसारखी उतरत आलेली, कापणी झालेली, हवेत ओल्या पिंजराचा वास. भाताच्या पेंढ्याला तिथे पिंजर म्हणतात. लातूरच्या डोळ्यांनी नोव्हेंबरात इतका हिरवा डोंगर बघितला की थोडा रागच येतो.

शामरावांच्या घरी ओट्यावर सगळ्या बाटल्या एका ओळीत उभ्या होत्या. खरोखर चकाचक. उन्हात चमकत होत्या.

"पाणी कुठाय?" मी विचारलं.

"कंचं पाणी?"

"यांतलं. पुराचं."

"ते व्हय! लई घाण हुतं वो. तळाला लाल गाळ बसलेला. आत हात जाईना. मग वाळू घातली, चिंधी घातली आणि घुसळून घुसळून काढलं. दोन दिवस लागले."

मी ओट्यावर बसले. "शामराव, मला तो गाळच हवा होता."

 शामरावांचा चेहरा उजळला. "गाळ पायजे? मग त्यात काय! आत्ता वड्यातनं दोन घमेली काढून देतो की."

 त्यावर मी जे बोलले असते ते सगळं इथे छापता आलं नसतं. बाटल्या गेल्या तर गेल्या, सळ्या आहेत ना, अशी स्वतःची समजूत घातली आणि ओढ्याकडे निघाले.

ओढा सुंदर दिसत होता, हे खरं आहे. वळणावरून पाणी शांत वाहत होतं, डाव्या काठावर दगडांच्या फटींतून वाळ्याचे झुबके वर आले होते. डाव्या काठाच्या सळ्यांना पट्टी लावली. पाच सेंटिमीटर. पाच. पाच. सव्वापाच. आमचे दगड कामाला आले होते. मी उजव्या काठाला गेले. तिकडे दगड नाहीत, नुसती लाल माती आणि वर एका बाईचं खाचर.

उजव्या काठाला एकही सळी दिसेना. मातीला हात लावून चाचपत गेले तेव्हा सापडल्या. अकराच्या अकरा, मातीच्या पातळीत, डोकं सुद्धा बाहेर नाही. म्हणजे माती वाढली? उभ्या काठावर माती कशी वाढेल? मी वही उघडून मे महिन्याचे आकडे पुन्हा वाचले, पट्टी उलटी धरली की काय ते बघितलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. "घट्ट हायत का बगा! एक बी हलायची न्हाय!"

वर दोन म्हशी आणि त्यांच्यामागे एक उंच, वाळकी बाई उभी होती. साठीच्या आसपासची, कासोटा खोचलेला, हातात काठी. ही सोनाबाई. खाचर तिचं, त्याच्यामागची विहीर तिची.

"मावशी, या सळ्या तुम्ही आत ठोकल्यात?"

"व्हय तर. दर महिन्याला ठोकतोय. पानी वसरलं की सळ्या भाईर यायच्या. लाकडाची मोगरी घेऊन उतरायचं आणि बसवायच्या. दोन तर वड्यात पडल्याल्या. पाण्यात हात घालून हुडकल्या आणि परत ठोकल्या." कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, एरवी मला ते ऐकायला आवडतं. त्या दिवशी काहीही आवडत नव्हतं.

"पण का?" माझा आवाज चढला. "कुणी सांगितलं होतं ठोकायला?"

"तुमीच की!" तिचा आवाज माझ्यापेक्षा वर गेला. "मे महिन्यात शाळंत मिटिंग घेतली न्हाय का? सगळ्यांफुडं हात जोडून म्हनला, सळ्या सांभाळा, भाईर येऊ देऊ नका. मी त्यापायी भर पावसात उतरलो, पाय मुरगाळला, आणि तुमी मलाच वरडताय व्हय?"

मी 'बाहेर काढू देऊ नका' म्हटलं होतं. निदान मला तसं आठवतं. भंगारवाला घेऊन जाईल या भीतीने म्हटलं होतं. पण त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात नक्की कोणता शब्द तोंडातून गेला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. आणि तसं बघितलं तर साऱ्या गावात माझं म्हणणं मनावर घेणारी ही एकटीच निघाली होती. तिने इतकं मनावर घेतलं होतं की माझ्या सहा महिन्यांच्या कामाचं वाटोळं झालं होतं.

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. दुपारी तिथून मी पुण्याला आमच्या प्रकल्पप्रमुखांना फोन केला. त्यांना सगळे सर म्हणतात.

"उजव्या काठाच्या सळ्या बाहेर आलेल्या नाहीत," असं मी सुरुवात केली.

"म्हणजे धूप शून्य? दोन्ही काठांवर? अरे वा!"

"सर, पूर्ण ऐका. त्या ठोकून..."

"फोटो पाठवा. पट्टी लावून. परवा मला तक्ता हवाय, पुढच्या तीन ओढ्यांचं काम याच आराखड्यावर करायचंय." आणि आवाज तुटला. रेंज गेली की त्यांनी ठेवला, कळलं नाही. टाकीला टेकून मी पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिले. शेजारी एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, "लागायचा न्हाय. म्हशी परत आल्या की रेंज येतीया." यामागचं शास्त्र मी विचारलं नाही.

तिसरा दिवस: गंजी

रात्री झोपण्याआधी मला आठवलं की मे महिन्यात मी आणखी एक सोय करून ठेवली होती. सोनाबाईच्या खाचरात, काठापासून बरोबर सहा मीटर आत, सिमेंटमध्ये एक लोखंडी खुंटी पक्की केली होती. सळ्या हलल्या तरी खुंटी हलणार नाही. तिच्यापासून काठापर्यंत टेप धरला की काठ किती मागे आला ते कळेल.

सकाळी उत्साहाने गेले. खुंटीच्या जागी पिंजराची गंजी उभी होती. दोन माणसं उंच, नीट रचलेली, वर शेंड्याला दोरी बांधलेली. कालच पुरी केली होती.

"मावशी, इतक्या मोठ्या खाचरात तुम्हाला हीच जागा मिळाली?"

"हितं मदी लोखंडी खुटी हाय न्हवं? तिच्या आधारानं गंजी सरळ उभी ऱ्हाती."

मी डोकं धरलं. शामराव म्हणाले, "मॅडम, अंदाजानं धरा की सहा मीटर." अंदाजाने धरायचं असतं तर मी लातूरला घरी बसून धरलं असतं, असं मी त्यांना सांगितलं. बऱ्याच मोठ्या आवाजात. कोल्हापूरचा गुण तोवर मला लागला होता. शामराव मान हलवत म्हणाले, "आता कसं बोलला!"

गंजी हलवायला सोनाबाईने साफ नकार दिला. मोडलेली गंजी परत तशी बसत नाही, पाणी आत मुरतं, म्हशींनी वर्षभर काय खायचं? तिचं बरोबर होतं. मी बांधावर बसून तिला सगळं समजावलं. सळ्या कशासाठी होत्या, आकडा कशाचा, ठोकल्यामुळे कागदावर काय उमटलं. कागदावर असं दिसतंय की तुमच्या काठाची एक चिमूट माती गेली नाही.

सोनाबाई उभी होती, ती खाली बसली. "एक चिमूट न्हाय?"

"नाही."

"आणि हे खरं धरनार?"

"धरायला लागलेच आहेत."

 ती उठली, पदर कमरेला खोचला आणि गंजीच्या शेंड्याची दोरी सोडायला लागली.

आम्ही तिघांनी दुपारपर्यंत ती गंजी एकेक पेंढी करून बाजूला लावली. पिंजराने माझे हात आणि मान कापली गेली, घामाने ती झोंबत होती. शेवटी खुंटी दिसली. शामराव खुंटीपाशी टेपचं टोक धरून बसले आणि मी काठापर्यंत गेले. सहा मीटरच्या जागी चार मीटर साठ. पुन्हा मोजलं. तेच. एका पावसाळ्यात माझ्या उंचीइतकं नाही पण तिच्या जवळपास जाणारं शेत तिथून निघून गेलं होतं, आणि खुंटीच्या मागे दोन पावलांवर विहीर होती.

आता खालून बघायचं होतं. मी ओढ्यात उतरले. वरून काठ जसा दिसतो तसा तो खाली नव्हता. पाण्याच्या पातळीला तो आतून पोखरला होता. हात आत घातला तर खांद्यापर्यंत गेला. समोर मान वळवून बघितलं तेव्हा सगळा प्रकार लक्षात आला. आमच्या दगडांची सुबक रांग डाव्या काठाने येते आणि जिथे संपते तिथून पाण्याची धार सरळ या काठावर येऊन आपटते. सोनाबाईचा काठ आम्ही लावलेल्या दगडांमुळे तुटत होता.

मी दुसऱ्या जागी हात घालून मोजत होते. वरून सोनाबाई ओरडली, "सरा! सरा बाजूला!"

कशासाठी, हे विचारण्याइतका वेळ नव्हता. मी पाण्यात आडवी उडी मारली. मागे धप्प असा आवाज झाला, अंगावर पाण्याची लाट आली, आणि मी वळले तर मी उभी होते तिथे बसलेल्या म्हशीएवढं मातीचं ढेकूळ पडलेलं होतं. आजूबाजूचं पाणी लालभडक झालं.  सोनाबाई धावत खालच्या उतारावरून पाण्यात आली, माझ्या दंडाला धरून मला ओढत बाहेर काढलं आणि काठावर बसवून जोरात पाठीत एक रट्टा घातला.

"मरायला हितं आलीस व्हय? फट पडल्याली दिसली न्हाय तुला वरनं?"

दोन दिवस मला अहो-जाहो करणारी बाई एकदम अगं-तुगंवर आली. मला रडू आलं. मग तिने माझे केस पदराने पुसले.

रडू थांबल्यावर मी पुन्हा टेप धरला. तीन मीटर नव्वद.

त्या संध्याकाळी तिच्या घरी जेवले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली धुतलेली पितळी समई, चुलीवर खेकड्यांचा रस्सा. ओढ्याचे खेकडे काठात बिळं करून राहतात आणि काठ भुसभुशीत करतात. म्हणून माझ्या वहीत त्यांची नोंद शत्रू म्हणून आहे. शत्रू अत्यंत चवदार होता. सोबत नाचणीची भाकरी आणि लाल तांदळाचा भात. तिचा मुलगा उचगावला राहतो, फौंड्रीत कामाला आहे. नातवंडं सांभाळायला नवराही तिकडेच गेला. तिने मात्र जायचं नाकारलं.

"मावशी, काठ तुटतोय हे तुम्हाला दिसत होतं ना? कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. फोटू काढाय आल्याल्या पोरास्नी सांगितलं. ते म्हनले, मॅडम मोजायला येनार हायत, त्यास्नी कळंल." तिने माझ्या भातावर आणखी रस्सा वाढला. "म्हनून तर सळ्या इतक्या जपल्या. म्हटलं, मॅडम येतील, मोजतील, आणि सगळ्यास्नी कळंल."



चौथा दिवस: टाकीपाशी

सकाळी टाकीपाशी गेले. रेंज होती. म्हशी रानात गेलेल्या असूनही होती.

सरांना सगळं सांगितलं. सळ्या कशा ठोकल्या गेल्या, खुंटी, पोखर, पडलेलं ढेकूळ, दगडांची रांग. त्यांनी या वेळी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघा, तक्त्यात रकाना सळ्यांचा आहे. सळ्यांचं रीडिंग काय येतंय?"

"ते रीडिंगच नाही, सर."

"आकडा काय येतोय?"

"शून्य. पण..."

"मग शून्य लिहा. बाकीचं खाली शेऱ्यात टाका, दोन ओळींत. तुम्ही मोजायचं, अर्थ लावायचा नाही."

"सर, काल ती माती माझ्या अंगावर येता येता राहिली."

"म्हणूनच म्हणतो, पाण्यात उतरू नका. सेफ्टी फार महत्त्वाची."

मी फोन ठेवला. या माणसाला धरून गदागदा हलवायला मी पाच-सहा तास प्रवास करून पुण्यालाही गेले असते. त्याऐवजी टाकीच्या ओट्यावर बसून तक्ता भरला. उजव्या काठाच्या अकराही चौकटींत लिहिलं: सळी ठोकली गेली, आकडा धरू नये. प्रत्येक चौकटीत, पूर्ण वाक्य, अकरा वेळा. त्याखाली खुंटीपासूनची मापं, पोखरीची खोली, ओढ्याचं आणि दगडांच्या रांगेचं चित्र. सळ्या कशामुळे ठोकल्या गेल्या, तेही लिहिलं; माझ्या सूचनेचा चुकीचा अर्थ निघाला, आणि सूचना नीट न देण्याची चूक माझी. ते सोडून बाकीचं लिहिलं असतं तर सरांत आणि माझ्यात फरक काय राहिला असता? मग त्या कागदाचा फोटो सरांना एकट्यांना न पाठवता आराखडा करणाऱ्या इंजिनिअरसकट सगळ्यांना पाठवला.

पुढचं इथेच सांगून टाकते. सर माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत आणि पुढच्या तीन ओढ्यांच्या कामातून माझं नाव गेलं. इंजिनिअरचा मात्र दुसऱ्याच दिवशी फोन आला.  तो तरुण माणूस म्हणाला, "ताई, रांग कुठे संपवायची हा निर्णय माझा होता. दगड कमी पडले म्हणून मी तिथे थांबलो." फेब्रुवारीत तो स्वतः गेला. दगडांची शेवटची काही मीटर रांग काढली, धार ओढ्याच्या मध्यात वळवली आणि ते दगड सोनाबाईच्या काठाच्या पायाशी बसवले. पुढचे तीन आराखडेही त्याने थांबवून पुन्हा काढायला घेतले. गेलेलं शेत काही परत आलं नाही, ते येत नसतं. गेल्या पावसाळ्यात काठ टिकला, विहीर आहे, असं शामरावांनी फोनवर ओरडून कळवलं. मी फोन कानापासून हातभर लांब धरून ऐकलं.

तर चौथ्या दिवशी दुपारी मी निघाले. शामराव मोटरसायकल चालू करून उभे होते. सोनाबाई गंजी परत रचत होती. ती पहिल्यासारखी जमत नव्हती, एका अंगाला कलली होती, आणि ती त्याबद्दल मला मोकळेपणाने शिव्या देत होती. मी म्हटलं, येते मावशी.

"थांबा. कागदावर काय लिवलंय ते वाचून दावा."

मी वही काढून वाचून दाखवलं. उजवा काठ, मोजणीची जागा क्रमांक तीन, खुंटीपासून काठाचं अंतर, मे महिन्यात सहा मीटर, आता तीन मीटर नव्वद. ती लक्ष देऊन ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "ह्यात माजं नाव कुटं हाय?"

"नाव नसतं मावशी. काठाला नंबर असतो."

"नंबर वड्याला आसंल. माती कुनाची गेली?"

 मी वही गुडघ्यावर ठेवली, 'उजवा काठ'च्या पुढे जागा होती तिथे लिहायला लागले, आणि विचारलं, "जमीन यजमानांच्या नावावर आहे ना? त्यांचं पूर्ण नाव सांगा."

"त्येंचं सातबाऱ्यावर हाय. त्येंच्या आधी सासऱ्याचं हुतं. ह्या कागदावर माजं लिवा. सोनाबाई कांबळे."

मी लिहिलं. तिने वाकून बघितलं. तिला वाचता येत होतं की नाही, मला माहीत नाही, पण बोट अक्षरांवरून सावकाश पुढे सरकलं आणि शेवटच्या अक्षरापाशी थांबलं.

"हे पेन्सिलीनं लिवलंय," ती म्हणाली.

आमच्या कामात वहीत पेन्सिलच वापरतात. पाणी लागलं तर शाई पसरते, पेन्सिल राहते. हे मी तिला सांगायला तोंड उघडलं होतं.

"खोडता येतंय की," ती म्हणाली. "पेनानं लिवा."

मी शामरावांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि त्याच अक्षरांवरून, दाबून, पुन्हा लिहिलं.